मोनासाठी बांधलेलं इंजिन

इंजिन बांधायला मेकॅनिकच लागतो, हा मेकॅनिक लोकांनीच पसरवलेला गैरसमज आहे. मी मंगळवार पेठेत विम्याच्या ऑफिसात बसतो, पण मोबाईलवर व्हिडिओ बघून घरचा मिक्सर दुरुस्त केलेला माणूस आहे. आता तो एकाच वेगावर चालतो, पण चालतो!

म्हणूनच सासऱ्यांच्या गोठ्यात उभं राहून मी जाहीर केलं, "मामा, पाडव्याला मोना पळणार. इंजिन मी बांधतो."

मोना ही सासऱ्यांची म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात. सायलेन्सर काढलेल्या गाडीवर मालक पुढे आणि आवाज ओळखून म्हैस मागे. मोना लहानपणापासून मामांच्या टू-स्ट्रोक फटफटीमागे पळायला शिकलेली. ती फटफटी भंगारात गेली. गेल्या पाडव्याला मामा नवी गाडी घेऊन उतरले, तर ही बया भर मैदानात रवंथ करत उभी! शेजारच्या गणपतरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आकारामबापू, म्हशीला खुर्ची आणू काय?" तेव्हापासून मामांनी तालमीच्या कट्ट्यावर बसणं सोडलं होतं. "यंदा बी अशीच हुबी ऱ्हायली तर इकून टाकतो," म्हणाले, आणि डोळे पुसायला गोठ्यामागं गेले.

मोनाच्या ओळखीचा आवाज काढणारं टू-स्ट्रोक इंजिन घरात एकच उरलं होतं. मेहुण्यानं, धैर्यशीलनं, एका बंद पडलेल्या रिसॉर्टातून चार चाकांची एटीव्ही आणली होती आणि ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल भरून तिचं इंजिन जाम करून ठेवलं होतं.

"अहो, मिक्सरचं झाकण मला अजून हातानं दाबून धरावं लागतंय," माझी बायको क्रांती म्हणाली.

"मिक्सर वेगळा, इंजिन वेगळं."

"तेच म्हणतीय मी."

पिस्टन सिलिंडरात असा बसला होता, की जेवणावळीत पहिल्या पंगतीला बसलेला पाहुणाही इतका घट्ट बसत नाही. डिझेल ओतलं, लाकडी ठोकळ्यानं ठोकलं, शिव्या दिल्या. शेवटी निघाला. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून सिलिंडर बोअर करून आणला, नवा पिस्टन घातला, नव्या रिंगा घातल्या. ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी एक प्लेट असते. ती आधी कशी बसवलेली होती, ते मात्र आठवेना. जिथं चांगली दिसली तिथं आवळून टाकली. एक वॉशर उरला, तो खिशात घातला.

मागची चाकं विटांवर उचलून घेतली आणि दोरी ओढली. आधी धूर, मग खोकला, आणि मग टर्रर्रर्र! गोठ्यात मोनानं कान टवकारले, दावं तोडलं आणि थेट अंगणात आली. "पावणं, माझी फटफटी बोलली की!" मामांना हुंदकाच फुटला. आम्ही सगळे मोनाकडे बघत राहिलो. चाकं कुठल्या बाजूला फिरताहेत, हे बघायचं कुणालाच सुचलं नाही. कोल्हापुरात म्हैस समोर असताना चाकाकडे कोण बघतो?

पाडव्याला मोना रंगवलेल्या शिंगांना मोरपिसं लावून उभी राहिली. तिच्यापुढे गाडीवर फेटा बांधून मी. इशारा झाला, मी रेस दिली, आणि गाडी मागं गेली! थेट मोनाच्या शिंगांपर्यंत.

"पावणं, फुडं!"

"पुढंच नेतोय, मामा!"

परत रेस दिली, परत मागं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ठिणगी भलत्याच वेळी पडली, की टू-स्ट्रोक इंजिन उलटंही फिरतं. व्हिडिओच्या शेवटी सांगितलं असणार. मी शेवटपर्यंत बघितला नव्हता.

गणपतराव पोट धरून हसायला लागले. मामांचा चेहरा पार उतरला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात मामाच गरजले, "उचला रं गाडी! तोंड फिरवा तिचं!" तालमीच्या पैलवानांनी माझ्यासकट गाडी उचलली आणि फिरवून ठेवली. आता माझं तोंड मोनाकडे आणि पाठ मैदानाकडे.

मी डोळे मिटून रेस दिली. उघडले तर मोना समोरून चौखूर उधळत येत होती. बिचारीनं आजवर फक्त सदऱ्यांच्या पाठी बघितल्या होत्या. पळताना माणसाचं तोंड पहिल्यांदाच दिसत होतं. आपल्या मागं काय आहे ते मला कुठलं दिसायला? मी मोनाच्या डोळ्यांत बघून हँडल फिरवत राहिलो. तिनं ज्या बाजूला डोळे वटारले, तिकडं गर्दी आहे असं समजायचं. बाकीच्या म्हशी कधी मागं पडल्या ते कळलंच नाही. शर्यत संपते त्या झेंड्यापाशी इंजिन बंद केलं, तशी मोना थांबली आणि तिनं माझा फेटा चाटला.

"त्यांची गाडी उलटी हाय!" गणपतराव पंचांकडे धावले.

"नियम म्हशीला हायती, गाडीला न्हाईत," पंच म्हणाले. "म्हस सरळच पळाली न्हवं?"

पहिला नंबर! मामांनी मोनाच्या गळ्याला मिठी मारली. "तुला इकायचं नाव काढंल त्याला बघतो," म्हणाले. नाव त्यांनीच काढलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. संध्याकाळी ते तालमीच्या कट्ट्यावर बरोबर मधोमध जाऊन बसले, आणि मलाही शेजारी बसवलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा फोटो आला. फोटोग्राफर येणाऱ्यांचे चेहरे टिपायला झेंड्यापाशी उभा होता. बाकी सगळ्यांचे चेहरे आले. माझी पाठ आली.

मामांनी तो फोटो फ्रेम करून सोप्यात लावलाय. आल्यागेल्याला अभिमानानं दाखवतात, "हे आमचं जावई. इंजिन ह्यांनीच बांधलं."

आणि मग मान तिरकी करून, हळहळत म्हणतात, "जरा वाकून बसलं असतं, तर म्हस पुरती आली असती."