इनासकाका पट्टा चढवतात

इनासकाका गाडीचा गिअरबॉक्स एकटे उतरवतात. जॅक लावतात, छाती लावतात, प्रसंगी गुडघा लावतात, पण दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. गोखिवऱ्याच्या त्यांच्या गॅरेजात हाताखालचा माणूस कधी टिकलाच नाही. "मदत केली की काम वाढतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाने घड्याळ पाहिलं की दुसरं येतं, "घाई हाय तर रिक्षा करा."

असा हा माणूस टायमिंग बेल्ट बदलायचा म्हटलं की मात्र अडून बसतो. एकट्याने व्हायचं नाही म्हणतो.

तसं काम सरळ आहे. इंजिनात खाली एक चाक, वर एक चाक, दोन्हींवर बारीक खुणा. दोन्ही खुणा जागेवर असतानाच दातेरी पट्टा चढवायचा. पण वरचं चाक आतल्या स्प्रिंगच्या जोराने सटकतं आणि खूण हलते. एक दाता चुकला तर गाडी खोकत चालते, जास्त चुकला तर इंजिनाचं वाटोळं. म्हणून वरचं चाक पान्याने धरून ठेवायला कुणीतरी हवं. मी एकदा आपण होऊन पुढे झाले. "टीचर, तुम्ही खडू धरा," काका म्हणाले.

मग ते शटरवर पाना आपटतात आणि समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून पास्कू येतो. हा काकांचा सख्खा धाकटा भाऊ. पूर्वी दोघे याच गॅरेजात काम करायचे. पुढे वाडीच्या हद्दीवरच्या जांभळावरून त्यांचं वाजलं. ते झाड वादळात केव्हाच पडलं, भांडण अजून उभं आहे. सणाला एकमेकांकडे जाणं नाही. चर्चमध्येसुद्धा एक डावीकडे बसतो, एक उजवीकडे. पास्कू येतो, पाना धरतो. "आली?" "आली." "धर." "धरलंय." पट्टा चढला की हात पुसत परत जातो. दोघांचं बोलणं काय ते एवढंच. मला या दोघा बाप्यांचं हसू यायचं.

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचा पट्टा बदलायला आला. त्याच्या थोडं आधी शेजाऱ्यांच्या गाडीचं तेच काम मी मनवेलपाड्याच्या एका गॅरेजात पाहिलं होतं. तिथल्या मेकॅनिकने वरच्या चाकाच्या भोकातून एक बोल्ट घालून चाक जाम केलं आणि कानाला फोन लावून एकट्याने पट्टा चढवला. नवीन काही कळलं की सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, पेशाच तसा. पास्कूने पान्यासाठी हात पुढे केला आणि मी म्हणाले, "काका, त्या भोकात एक बोल्ट घातला तर माणसाची गरजच नाही."

काका वाकलेले होते, ते तसेच राहिले. कान तेवढे लाल झाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उभा जन्म इंजिनात घालवलेल्या माणसाला ते भोक माहीत नसेल? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पास्कू पाना ठेवून निघून गेला, तर पुन्हा कशाच्या निमित्ताने येणार?

पास्कूने त्या भोकाकडे पाहिलं, मग भावाच्या वाकलेल्या पाठीकडे.

"बोल्टाचं काय खरं नाय, टीचर," तो म्हणाला. "आम्ही दोघांनी लावून बघितलाय. सरकतो. धरायला माणूसच पायजे."

त्याने पाना चाकावर चढवला आणि घट्ट धरला. काका त्या दिवशी पट्ट्याला उगीचच वेळ लावत होते. पास्कूनेही दुकानाकडे एकदाही वळून पाहिलं नाही. मला भरून आलं, म्हणून मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले.