राक्षसगोट्यांचे इन्स्पेक्टर

देवपुरातल्या आमच्या कॉलनीच्या बागेत नवी घसरगुंडी बसली, तेव्हा तिच्यावरून सगळ्यात आधी कोण घसरलं असेल, तर आमच्या शेजारचे एकोणसत्तर वर्षांचे नाना. खाली वीसेक पोरं रांग लावून ओरडत होती. घसरगुंडी पोरांच्या मापाची आणि नाना स्वतःच्या मापाचे, त्यामुळे ते मध्यावर अडकले. दोघा बापांनी हात धरून ओढलं तेव्हा खाली आले, उठून पँटची मागची बाजू चाचपली आणि जाहीर केलं, "उजव्या कडेला एक स्क्रू वर शे. तो बसवल्याशिवाय कोणी चढायचं नाही."

स्क्रू खरंच वर होता. पँट साक्षीला होती.

नाना मूळचे एरंडोलकडचे. सगळी नोकरी बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली, शेवटची काही वर्षं व्हेइकल इन्स्पेक्टर म्हणून. त्यांनी हात लावल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे. निवृत्त झाले, नानी वारल्या, मुलं नव्हतीच. पण तपासणीची सवय काही गेली नाही. पोरांच्या शाळेची व्हॅन आली की नाना सतरंजी टाकून तिच्याखाली आडवे. दिवाळीत फुलबाजीचं पाकीट आधी नाना फोडणार. "आधी तपासणी, मग रवानगी," हे त्यांचं ब्रीद. मनासारखं झालं की मान हलवून म्हणायचे, "बठ्ठं बराबर शे," म्हणजे सगळं ठीक.

माझी सायली चौथीत गेली आणि घरात मोबाइलच्या एका खेळावरून महाभारत सुरू झालं. रंगीत गोट्या जुळवायच्या, जुळल्या की आपले योद्धे समोरच्या राक्षसावर तुटून पडतात, असा तो खेळ. वर्गातल्या सगळ्या मुली खेळतात, मधल्या सुट्टीत त्याच गप्पा, आणि मला कोणी बोलायलाच घेत नाही, असं सांगत सायली रडायची. मी म्हणायची, मारामारीचा खेळ घरात नको. हे रोज चाळीसगावला अप-डाऊन करणारे. घरी येईपर्यंत इतके थकलेले असत, की जी शेवटी बोलेल तिचं खरं.

नाना एकदा विरजण मागायला आले आणि या भांडणात सापडले.

"तू खेळून पाहिलास का तो खेळ?" त्यांनी मला विचारलं.

"मी कशाला खेळू, नाना?"

"मग नापास कशाच्या जोरावर करते, माय? पोरगी रडली म्हणून पास नही, अन् तू ओरडते म्हणून नापास नही. दे इकडे."

सायलीने त्यांच्या फोनवर खेळ घालून दिला. नाव इंग्रजी होतं. नानांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'राक्षसगोट्या' करून टाकलं. मग बारा दिवस ते घराबाहेर दिसेनात. भिंतीपलीकडून तलवारींचा खणखणाट यायचा आणि मधूनच नानांचा आवाज, "अरे, निळी सरकव, निळी!" एकदा दुधवाल्याने घाबरून मला विचारलं, आत कोणाचं भांडण चालू आहे?

तेराव्या दिवशी नाना वही घेऊन आले. सायलीला समोर बसवलं, मला शेजारी. वहीत गाडी तपासतात तशी तपासणी होती.

"स्टिअरिंग चांगलं शे," त्यांनी सुरुवात केली. "डोकं चालवावं लागतं. तीन गोट्या जुळवल्या तर साधा मार, पाच जुळवल्या तर वीज पडते. घाई केली की आपण मेलो. हे पोरांना चांगलं."

सायलीने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"अपघातही बरा. राक्षस मरतो म्हणजे नुसता धूर होतो. रक्त नही. फक्त त्या लढणाऱ्या बाईबद्दल माझी हरकत शे. खांद्यावर एवढं जाड चिलखत अन् पोट उघडं! भाला काय खांदा शोधत येईल का?" मला हसू आवरेना, नाना मात्र गंभीर. "कोणत्या वर्कशॉपमधून निघाली ती, देव जाणे."

मग त्यांनी पान उलटलं.

"आता ब्रेक. ब्रेक नहीच. हरलं तर म्हणे पुन्हा, जिंकलं तर म्हणे पुढे. थांब असं कुठेच नाही. आणि ती पेटी. उघडल्याशिवाय आत काय ते कळत नही, अन् उघडायला पैसे. हा आकडा शे माय, मटक्याचा आकडा! पोरांना रंगवून दिलेला." त्यांनी चष्म्यावरून सायलीकडे पाहिलं. "आणि दरवाजा सताड उघडा. तीस जणांचा संघ करतात, तिथे कोणीही येऊन कोणाशीही बोलतो. कोण कुठला, वय काय, काही पत्ता नही."

निकाल लागला: अटींवर पास. पेटीला कुलूप, संघ बंद, रोज अर्धा तास आणि शेजारी घरातलं मोठं माणूस. सायलीने कागदावर सही केली. मी पण केली, कारण मोठं माणूस म्हणजे मीच होते. महिनाभरात मी बर्फाच्या राक्षसापर्यंत पोचले, हे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. सायलीचा उत्साह दिवाळीपर्यंत टिकला. मग शेजारच्या मुलीने सायकल आणली आणि राक्षस मागे पडले.

हिवाळ्यात एका संध्याकाळी मी भरिताचा डबा घेऊन नानांकडे गेले. नाना खुर्चीत, हातात फोन, फोनवर तोच खेळ.

"काय नाना, अजून तपासणी संपली नाही?"

पकडले गेल्यासारखे नाना हसले. मग फोन माझ्यासमोर धरला. गोट्या नव्हत्या, संघातल्या लोकांचं बोलणं होतं. एका नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही बघ. वय एकोणीस सांगते. अन् परवा लिहिते, उद्या चित्रकलेचा पेपर, रंगपेटी सापडत नही. ही एकोणीसची शे का?"

"नसणार."

"दहा-अकराची असेल. गेल्या महिन्यात एक जण तिच्या मागे लागला. फोटो पाठव, नंबर दे. मी सगळ्यांसमोर लिहिलं, इथे पोरीबाळींना फोटो मागायचा नही, मी इन्स्पेक्टर शे."

"नाना! त्याला तुम्ही पोलीस वाटला असाल."

"मी कुठे पोलीस म्हटलं? त्याला काय समजायचं ते समजला. पळाला. खेळाच्या कंपनीला तीनदा कळवलं. 'आपले म्हणणे मिळाले', एवढंच उत्तर येतं."

"पण तिचे आईवडील असतील की, नाना."

"असतील ना. जीवही लावत असतील." नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पण ती इथे बसली शे, हे त्यांना माहीत नही. मला माहीत शे. आता मी कसा उठून जाऊ?"

तेवढ्यात फोन वाजला. नानांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "परीक्षा संपली म्हणते. पेपर चांगले गेले."

"मग लिहा की तिला काहीतरी. शाब्बास म्हणा."

नानांचा अंगठा पडद्याजवळ गेला, क्षणभर तिथेच थांबला आणि मागे आला.

"नको माय," ते म्हणाले. "मी तिला परका माणूस शे. परक्या माणसाशी बोलायची सवय नको लागायला तिला."

मग त्यांनी ताट घेतलं, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर उभा केला आणि जेवायला बसले.