गरुडाला हिवताप!

रक्तातले परजीवी शोधण्यात माझा हात धरणारं आमच्या पक्ष्यांच्या दवाखान्यात कुणी नाही! हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

त्या दिवशी आमचा गरुड सुटणार होता. मोडलेला पंख जुळला होता आणि पिंजऱ्यात बसून बसून तो निवृत्त हेडमास्तरांसारखा सगळ्यांवर डोळे वटारत होता. फक्त रक्ताची तपासणी बाकी होती. रक्त स्वच्छ निघालं तर आकाश, नाहीतर आणखी काही आठवडे गजाआड!

मी घरून निघतानाच आई म्हणाली होती, “अंग कढत आहे तुझं.”

“उत्साह आहे तो, आई!”

पिंजरेवाल्या काकांनी गरुडाला घट्ट धरलं. मी पंखाखालच्या शिरेतून नळीत रक्त घेतलं. त्याने निषेध म्हणून माझ्या बोटात नखी रुतवली. मी हूं की चूं केलं नाही! काचेवर थेंब पसरला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि बघते तर काय! पेशींच्या आत नाजूक, निळसर अंगठ्या! हिवतापाचे परजीवी!

“सापडले! गरुडाला हिवताप! सुटका रद्द!”

“अगं हळू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “घुबडं उठली तुझ्या आरोळीने.”

“काका, मच्छरदाणी लावा! भेटायला कुणी यायचं नाही! औषध लांब चिमट्याने भरवा!”

“कडू असतं ना गं ते? खाईल होय तो?”

“न खाऊन सांगतो कुणाला!”

मला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. शोधाचा आनंद अंगात असा भिनतो तर!

डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. मी मनातल्या मनात सत्काराच्या भाषणाला सुरुवात केली.

“अंगठ्या आहेत खऱ्या,” त्या म्हणाल्या.

“आहेतच!”

“पण शास्त्रज्ञबाई, पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, जांभळात बी असावी तसं. इथे कुठंय?”

मी पुन्हा पाहिलं. एकाही पेशीत बी नव्हती. अंगठी बघण्याच्या नादात नवरी बघायचीच राहिली होती!

“म्हणजे... बिनबियांचा गरुड?”

“म्हणजे माणसाचं रक्त!”

शाळेत नखं तपासताना करतात तसे आम्ही तिघांनी हात पुढे केले. काकांचे कोपरापर्यंत कातडी हातमोज्यात. डॉक्टरबाईंचे स्वच्छ. माझं बोट मात्र अजून ठिबकत होतं! गरुडाचं रक्त नळीतच होतं. काचेवर मी मलाच पसरलं होतं.

नळीतल्या रक्ताची नवी काच केली. सगळ्या पेशी बियांसकट आणि अंगठी औषधालाही नाही! काकांनी दार उघडलं. गरुडाने एकदा माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि असा झेपावला, की अंगणातल्या सगळ्यांच्या माना एकदम वर! मी खिडकीतून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी आणलेल्या मच्छरदाणीतून.

तोवर माणसांच्या डॉक्टरांनीही हिवतापावर शिक्कामोर्तब करून गोळ्या दिल्या होत्या. म्हणजे विजय माझाच! आयुष्यातलं पहिलं निदान, शंभर नंबरी खरं! पेशंट तेवढा चुकला.

इतक्यात मच्छरदाणीच्या फटीतून एक लांब चिमटा आत आला. टोकाला गोळी.

“हातात द्या ना, काका!”

“छे छे! तुझीच सूचना आहे. आ कर,” काका म्हणाले. “आणि हो, तुझी आई भेटायला आली होती. परत पाठवली.”