भुजंगमामांची डबल बेल

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते, पण ती ड्रायव्हरच्या मर्जीनं हलत नाही. भुजंगमामांनी तिच्या पत्र्यावर तिकिटं पंच करायच्या चिमट्यानं एकदा टक केलं की थांबते, टकटक केलं की निघते. डबल बेल मिळाल्याशिवाय गिअर टाकायची ड्रायव्हरची हिंमत नाही.

मामांनी एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर खाकी उतरली, पण लातुरातली आमची अख्खी गल्ली त्यांना अजून खच्चून भरलेली बसच वाटते. सकाळी सातला त्यांचा पुकारा सुरू. "ओला डावीकडं! सुका उजवीकडं! मधी कुणी थांबायचं न्हाई!" भाजीच्या देठांत प्लास्टिकची पिशवी सापडली, तर ती 'विनातिकीट'. मग सगळी बादलीच खाली उतरवायची. "पुढच्या गाडीनं या!"

माझ्यावर त्यांचा खास डोळा होता. मी क्लासच्या मुलांचे डबे करते. चाळीस डब्यांचा राडा, तो मी एकाच ड्रममध्ये ढकलून मोकळी व्हायची. त्यात तो दुष्काळ. नळ दहा-दहा दिवस यायचा नाही आणि टँकर आला की सख्ख्या जावा एकमेकींना ओळख देत नव्हत्या. अशात मामांचं फर्मान निघालं, दुधाची पिशवी धुऊन द्यायची.

"मामा, इथं तोंड धुवायला पाणी नाही, तुमच्या पिशव्यांना अंघोळ कुठून घालू?"

"अंघोळ कशाला, ताई? घोटभर पाणी घाला, खंगाळा अन् चहात वता. दूध बी वाया न्हाई, पाणी बी न्हाई."

आता खरं सांगायचं तर हे मी लग्न झाल्यापासून करत आले होते. पण मामांनी सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. माझाही स्वभाव तसा गुणाचाच आहे.

सगळ्यात कडक नियम होता चिंध्यांचा. त्यांची बादली तिसरी. फाटका परकर किंवा उसवलेलं पोलकं दिसलं की मामा झटकून, घडी घालून खांद्याच्या पिशवीत ठेवायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी तर सगळ्यांना सांगत सुटले होते, की म्हातारा उतारवयात बोहारणीचा धंदा काढणार.

एके दिवशी माझ्याकडून वरणाचं पातेलं कलंडलं. हाताशी असलेल्या जुन्या साडीनं मी ते पुसलं आणि तशीच ती ड्रममध्ये कोंबली. सकाळी मामांनी ती ओढून बाहेर काढली. वरण ठिबकत होतं. मी 'पुढच्या गाडीनं या'ची वाट बघत कमरेवर हात ठेवून तयारच होते.

"कापड ओल्यात?" मामा ओरडले. "कापड ओल्यात घालता?"

आवाज पार चिरकला होता. गाडीला बेल न देताच ते घराकडे चालते झाले. ड्रायव्हर बिचारा इंजिन चालू ठेवून नुसता बसून राहिला.

गल्लीसमोर माझा पाणउतारा झाला होता. चार शब्द सुनावायला मी तणतणत त्यांच्या मागोमाग गेले. दार उघडंच होतं. मामा जमिनीवर बसले होते, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात मोठी सुई, पुढ्यात वाकळ. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक शिवून पांघरायला करतात, ती. टाके घाटातल्या रस्त्यासारखे वळत गेलेले. त्यात माझा परकर होता. शेजारणीचं पोलकं होतं. गल्लीतली एकेक बाई तिथं शिवलेली होती.

मधोमध मात्र वीतभर तुकडा निराळा होता. हळदीचे डाग पडलेला आणि टाके मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक.

"हे हिचं," मामा म्हणाले. मामींना जाऊन तीन वर्षं झाली होती. "वाकळ शिवत होती. अर्ध्यात गेली. तेराव्याला पाव्हण्यांनी घर आवरलं. गाठोड्यात चिंध्याच हायेत म्हणून पंगतीच्या वरणभातासंगं गाडीत टाकलं. मी दोन दिवस कचरा डेपो उपसला. एवढंच घावलं, बाकी सडलं होतं."

त्यांनी तुकड्यावरून हात फिरवला. "टाकणाऱ्याला काय ठावं, ताई? म्हणून म्हणतो, येगळं द्या."

माझी मान वर होईना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "टाका लांब पडतोय, मामा. द्या इकडं, मी घालते."

त्यांनी वाकळ पटकन जवळ ओढली. "नगं. ही म्हणायची, बसा जरा, चार टाके शिकवते. मी रोज ड्युटीवर. आता वाकडा तर वाकडा, टाका माझाच पडू द्या."

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात तीन बादल्या होत्या. ओल्यात ओलं, सुक्यात खंगाळलेल्या पिशव्या. तिसरीत माझी इरकली साडी, घडी घालून.

मामांनी ती उलगडून बघितली. "ताई, चुकून आली बघा ही. नवीच हाय की."

"चुकून नाही, मामा. वाकळीला काठ लागेल ना."

मामांनी ती पिशवीत टाकली नाही. छातीशी धरून तसेच उभे राहिले. चिमटा हातातच होता. ड्रायव्हर आरशातून बघत होता. मागं दोन रिक्षा अडकल्या होत्या, त्यांचे हॉर्न सुरू झाले.

शेवटी मीच त्यांच्या हातातला चिमटा घेतला आणि पत्र्यावर टकटक केलं.