रिकाम्या टाकीतली बिऱ्हाडं

पाणी: नवं, चकचकीत, निरुपयोगी.

"मासा काय, कुणीही पाळेल! पाणी पाळायला अक्कल लागते!" असं जाहीर करून आजोबांनी काचेच्या टाकीत माशांचं खाणं चिमूटभर टाकलं.

टाकीत मासा नव्हता.

मासा येणार होता. नातीचा. तिचे आधीचे दोन मेले होते. तिसरा, डोक्यावरचा रंग उडालेला टकल्या, आता आजोबांकडे राहायला यायचा होता. "हाही मेला तर मी परत मासा मागणारच नाही," नात फोनवर म्हणाली होती. न रडता म्हणाली, म्हणून आजोबा हबकले आणि शब्द देऊन बसले.

आता, तुम्हाला म्हणून सांगतो. माशाच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते खाऊन टाकणारे जंतू आधी फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यावे लागतात, मासा त्यानंतर. तोवर जंतूंना जगवायला रिकाम्या टाकीत खाणं टाकायचं. आजोबांना हे सगळं ठाऊक होतं. आजीला त्यांनी सांगितलं नव्हतं. विचारलं की "तुला नाही कळायचं!" म्हणायची त्यांना संसारभराची सवय!

पाणी: दुधाळ.

आजीने भावाला बोलावून घेतलं. तो बूट हातात धरून दारातच थबकला.

"खा रे बाळांनो, लाजू नका!" आजोबा टाकीशी बोलत होते.

"भावजी... किती जण आहेत?"

"लाखो!"

"दिसतात?"

"दिसायला काय हत्ती आहेत? स्पंजात असतात. चिकटून."

"तुमच्याशी बोलतात?"

"कामात असतात रे, वेळ कुठाय!"

मेहुण्याने बहिणीला स्वयंपाकघरात नेलं. "ताई, वाद घालू नकोस. हो ला हो म्हण. नोकरी संपली की होतं असं एखाद्याचं."

आजीने डोळे पुसले. "नोकरी होती तेव्हा माझ्याशी तरी कुठे बोलायचे!"

दुसऱ्या दिवसापासून आजी टाकीशी वाकून विचारू लागली, "झोप झाली का रे सगळ्यांची?" आजोबा गहिवरले. हिला कळलं!

पाणी: काचेच्या नळीत, पिवळं.

टाकीतलं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब घातले, की विष असेल तर हिरवं, नसेल तर पिवळं. आजोबा खिडकीशी नळी नाचवत ओरडले, "पिवळं! आता येऊ दे त्या टकल्याला!"

तब्येतीची चौकशी करायला आलेला मेहुणा स्वतःच्या टकलावरून हात फिरवत दोन पावलं मागे सरला.

पाणी: दोरीवरून ठिबकणारं.

नात यायची त्या सकाळी आजोबा दाढी करून बाल्कनीत आले. दोरीवर, मोजे आणि उशीच्या अभ्र्याच्या मधे, चिमटा लावलेला स्पंज. शुभ्र!

"अगं... हे काय?"

"काय मेली घाण साचली होती त्यात! पावडर लावून कढत पाण्यात खसाखसा धुतला. म्हटलं, नात येतेय, तुमच्या त्या लाखोंनाही जरा स्वच्छ घर मिळू दे."

आजोबा हवा गेलेल्या फुग्यासारखे खुर्चीत बसले. ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, 'तुला नाही कळायचं' न म्हणता.

"म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही?" आजी आनंदाने किंचाळली. दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा पडला. "आणि मी त्या बिचाऱ्यांना कढत पाण्यात..."

बेल वाजली. दारात नात, तिच्या हातात पाण्याची पिशवी, पिशवीत टकल्या.

"आजोबा, घर तयार आहे ना?"

आजोबांनी बाल्कनीतल्या दोरीकडे पाहिलं.

"अर्धं आहे," आजी म्हणाली.

"अर्धं?"

"स्पंज दोन होते ना? दुसरा इतका बुळबुळीत, हात लावायची शिसारी आली. टाकीच्याच पाण्यात ठेवलाय बादलीत. उद्या धुणार होते."

आजोबांनी बादलीतला तो काळपट गोळा उचलून छातीशी धरला. नवा सदरा गेला कामातून!

पाणी: बरं आहे.

पुढच्या आठवड्यात मेहुणा आला, तेव्हा टकल्या टाकीत ऐटीत फिरत होता आणि आजी त्याला दटावत होती, "हावरटासारखं सगळं संपवू नकोस हं. त्यांना ठेव!"

"कुणाला, ताई?"

"अरे, लाखो आहेत!" आजीचा आवाज जड झाला. "अर्धे माझ्याच हातून गेले रे."

आजोबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. टाकीशी बसलेल्या नातीनेही मान खाली घातली.

"हो... हो," म्हणत मेहुण्याने बूट उचलले आणि तसाच, अनवाणी, जिना उतरला.