लूक नाही, योहान नाही

ग्रंथालयाच्या नव्या संचालकांनी फर्मान काढलं: बायबलातल्या शुभवर्तमानांच्या अकराही ग्रीक हस्तलिखित पोथ्या शुक्रवारपर्यंत संगणकात नोंदवायच्या आणि मग तळघरात हलवायच्या. ज्या बाईंनी सव्वीस वर्षं या पोथ्यांचं पान न् पान मोजलं, कसरीने खाल्लेली अक्षरंसुद्धा टिपून ठेवली, त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्यांना सगळे सूचीबाई म्हणत.

"तळघरात ओल आहे," सूचीबाई म्हणाल्या.

"कपाट लोखंडी आहे."

"ते ओलीला कुठे ठाऊक आहे?"

संचालकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. साहेब लोकांना ही कला उपजत असते.

बाई नोंदी करायला बसल्या. लेखकाचं नाव: लूक. आडनावाची चौकट रिकामी ठेवली, तर संगणक पुढे सरकेना.

"काहीतरी टाका हो," संगणकवाला म्हणाला. "माझ्या मेव्हण्याने कुत्र्यालासुद्धा आडनाव लावलंय."

"इतकी शतकं त्याचं आडनावावाचून अडलं नाही. मी आता कुठून आणू?"

बाईंनी चौकटीत टाइप केलं: नाही. अकरा वेळा, दर खेपेला थोडं जास्त जोराने.

शुक्रवारी विश्वस्तांच्या बैठकीत संचालकांनी यादी मोठ्याने वाचायला घेतली. "मत्तय नाही. मार्क नाही. लूक नाही..." योहानपाशी त्यांनी यादी डोळ्यांजवळ धरली. योहानही नाही. एक जिना चढून बाईंच्या खोलीत डोकावले असते तर अकराही पोथ्या तिथेच दिसल्या असत्या. पण जिना चढणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. त्यांनी फाटक बंद करवलं, शिपायांचे डबे उघडून बघितले आणि विश्वस्तांसमक्ष सही ठोकून पोलिसांत चोरीची तक्रार दिली.

हवालदार जिना चढून आले तेव्हा बाई एका पानावरच्या ओळी मोजत होत्या.

"बाई, काय काय चोरीला गेलं?"

"काही नाही. बसा. कोपर पोथीवर नको."

बाईंनी आडनावाचं सांगितल्यावर हवालदार हसून बेजार झाले. मागून धापा टाकत आलेले संचालक मात्र लालबुंद झाले.

"यादी आत्ताच्या आत्ता बदला."

"नाही बदलणार. सव्वीस वर्षांत खोटी नोंद केली नाही, ती तुमच्यासाठी सुरू करणार नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा," हवालदार म्हणाले. "साहेब, तक्रार मागे घ्यायची तर कारण लेखी द्या. नाहीतर चौकशी चालू राहील, आणि तोवर इथली एकही वस्तू जागची हलवायची नाही."

संचालकांनी पेन काढलं.

"लिहा," बाई म्हणाल्या, "यादी वाचली, पोथ्या बघितल्या नाहीत."

दारात जमलेल्या विश्वस्तांपैकी कुणीतरी खोकलं. संचालकांनी पेनाला टोपण लावलं.

"चौकशी होऊ द्या," ते म्हणाले आणि ताठ मानेने जिना उतरले.

"किती दिवस चालते हो चौकशी?" बाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही. आमच्याकडे एका सायकलची चौदा वर्षं चालू आहे."

बाईंच्या निवृत्तीला नऊ वर्षं होती. त्यांनी कोरड्या फडक्याने टेबल पुसलं आणि पुढचं पान उलटलं.