रमाबाईंची हॉर्नवाली खुर्ची

धोंडीबांच्या नातीचं, शिवानीचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नात धोंडीबा चाकांच्या खुर्चीतून मिरवले, आणि तेव्हापासून खोपट भागातल्या त्यांच्या इमारतीत फाटकाजवळची संध्याकाळची बैठक त्यांच्याच भोवती भरू लागली. खुर्ची साधी, हाताने ढकलायची. धोंडीबांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेलेला. चाक करकरलं की स्वतःच तेल सोडायचे.

तेवढ्यात शेजारच्या रमाबाईंना मुलाने, मितेशने, बॅटरीची खुर्ची आणली. तिला दिवा होता, हॉर्न होता. आठवड्यात सगळी बैठक रमाबाईंकडे सरकली.

"भाऊ, जरा बाजूला व्हा. वळायचंय मला," हॉर्न वाजवून रमाबाई म्हणायच्या.

"विमान उतरतंय जणू!" धोंडीबा पुटपुटायचे. त्यांना जेवण गोड लागेना. ही खुर्ची बंद पडू दे, एवढंच ते देवाकडे मागायचे.

देवाने ऐकलं. खुर्ची बंद पडली, पण इमारतीच्या अरुंद दारात, चाकं जाम होऊन. रमाबाईंना उचलून घरात नेलं. खुर्ची हलेना. चालती माणसं अंग चोरून जात होती. धोंडीबांची खुर्ची मात्र आतच अडकली.

"मितेश, अरे बोलव ना कोणाला तरी!"

"काका, फोन केलेला मी. कंपनीचाच माणूस लागतो. तो पुढच्या महिन्यात येणार. आपण खोलली तर गॅरंटी गेली."

"आपली खुर्ची, आणि आपणच खोलायची नाही?"

बाहेर हशा पिकला की आत धोंडीबांचा जीव जळायचा. शेवटी त्यांनी पाना काढला. चाकं सुटली, दार मोकळं झालं. पण खुर्चीवर लाल दिवा लागला तो विझेना. कंपनी म्हणाली, बाहेरच्याने हात लावलाय, आता नवीच घ्या.

मग रमाबाईंच्या डोळ्यांत धोंडीबांची खुर्ची खुपू लागली.

"भाऊ, मला द्याल का हो तुमची?"

"मी गेल्यावर घ्या."

त्यानंतर रोज सकाळी चौकशी. "आज तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत!"

"काल खोकत होतात ना?"

"शेंगदाणा अडकलेला."

अखेर तोड निघाली. बंद खुर्चीचा हॉर्न धोंडीबांनी बॅटरीसकट काढून आपल्या खुर्चीला बसवला, आणि बदल्यात पाच ते सहा त्या खुर्चीत रमाबाई बसू लागल्या. तासभर त्या हॉर्न वाजवायच्या आणि बाकावर बसलेले धोंडीबा धुमसायचे.

धोंडीबा अजून ठणठणीत आहेत. पाच वाजले की मात्र ते खुर्चीतून उतरून बाकावर बसतात, आणि खुर्ची सहापर्यंत रिकामी असते. रमाबाई गेल्या माघात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वारल्या.